थोरली कडक, धाकटी पसंत

खापरच्या बाजारपेठेत चुडामण मिस्त्रीच्या दुकानापुढं मोटार येऊन थांबली, तेव्हा सिंधू शिवणयंत्राच्या पोटात हात घालून बसली होती. भोंगा वाजला. तिनं मान वर केली नाही. पुन्हा वाजला.

"कान शेतस माले," ती आतूनच म्हणाली. "म्हशी हाकली ऱ्हायना का?"

मोटार हाकणारा खाली उतरला. पंचवीस-सव्वीसचा गडी, डोक्यावर परीटघडीची पांढरी टोपी.

"मिस्त्री कोठे शेतस?"

"अक्कलकुव्याले गयात."

"मंग काम कोन करी?"

"तुन्हासमोर बठेल शे ती."

गड्यानं बघितलं. कपाळावर तेलाचा पट्टा, पदर कमरेला खोचलेला, हातात पेचकस. आणि तो हसला... हसला ते हसला, वर टोपी काढून वारा घेत हसला. सिंधूला असा राग आला की पेचकस फेकून मारावा. पण खरं सांगू का, हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडत होती, आणि ती बघण्यात फेकायचं राहून गेलं.

ही सदतीस सालची गोष्ट. दसऱ्याला महिना होता. चुडामणच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. बंदूक-दुरुस्तीचा सरकारी परवाना त्याच्या नावानं भिंतीवर टांगलेला, पण हात चालायचे ते थोरल्या पोरीचे. पोरगी एकविशीची झाली तरी बिनलग्नाची. दोन स्थळं येऊन गेली. एकाला तिनं विचारलं, "तुमना घडीले चावी कोन देस?" तो म्हणाला, "माय." ते तिथंच मोडलं.

मोटारीत बसले होते लोणखेड्याचे उदेसिंग, फौजेतून निवृत्त झालेले रिसालदार. पाय सुजलेला, म्हणून खाली उतरत नव्हते. त्यांचं विलायती पिस्तूल गड्यानं आणून ठोकळ्यावर ठेवलं. गड्याचं नाव नवल, प्रकाशा गावच्या लोहाराचा पोरगा, म्हणजे चुडामणच्याच जातीतला.

"दसराले मालक शस्त्रपूजा करतस, मंग गावसमोर पाच बार काढतस," नवल म्हणाला. "मांगला साले पहिला बार गया, आनि दुसराले..."

"अडकनं."

"तुले कसं समजनं?"

"गोळीनं रिकामं टोपण तोंडमा धरी बठनं व्हई." असं म्हणत तिनं पिस्तुलातून गोळ्यांची डबी काढली, वरचा भाग मागं ओढला, आणि आतून एक गोळी टणकन ठोकळ्यावर पडली.

नवलचा चेहरा पांढरा पडला. "मी ते सम्द्या काढेल व्हत्यात!"

"पोटमा एक ऱ्हई जास," सिंधू शांतपणे म्हणाली. "हासाना नादमा."

मग तिनं आतली कमान काढली. बार उडाला की वरचा भाग मागं जातो, त्याला पुन्हा पुढं आणते ती ही तारेची गुंडाळी. वीस वर्षं दबून दबून बोटभर आखूडली होती. नवी कमान मुंबईहून पार्सलनं मागवावी लागणार. "पंधरा दिवसमा ये," ती म्हणाली.

तो चौथ्या दिवशी आला. "इकडथीन जाई ऱ्हायंथू," म्हणाला. लोणखेड्याहून निघालेला माणूस खापरवरून कुठं जातो, हे त्याला सांगता येईना. आठव्या दिवशी पुन्हा आला. पार्सल आलं नव्हतं. मग तो तासभर बसला, भात्याला हात लावला, हात भाजून घेतला. सिंधूनं त्याच्या बोटाला खोबरेल लावलं आणि म्हणाली, "मोटार हाकस का मोटार तुले हाकस?"

"जठे मोटार येस तठे मी येस," नवल म्हणाला.

"मोटारले सांग, इतलं पेट्रोल नको जाळू."

"तिले सांगं ते ती ऐकस नही. ती..." आणि तिथंच थांबला. सिंधूनं कान टवकारले. पुढं काहीच नाही! गडी बोटाकडं बघत बसला. तिला वाटलं, बोल ना रे दगडा, एक शब्द बोल. पण आपण होऊन विचारेल ती सिंधू कसली!

पार्सल आलं. त्यात दोन कमानी निघाल्या, एक जाड तारेची, एक बारीक. उदेसिंग मोटारीतूनच बघणार म्हणाले. बाप त्या दिवशीही बाहेरगावी. धाकटी बहीण शोभा मोटारीपाशी पाण्याचा तांब्या घेऊन गेली, आणि सिंधू एकेक कमान बसवून पिस्तूल मोटारीत देत राहिली. जाडीला तिनं नाव दिलं थोरली, बारकीला धाकटी. वरचा भाग मागं ओढताना थोरलीनं मालकांच्या मनगटाला घाम फोडला.

"कडक जोयजे का नरम, कसं ठरवतस?" नवलनं हळूच विचारलं.

"जास्ती कडक ऱ्हायनी ते मांगे जातच नही. जास्ती नरम ऱ्हायनी ते मांगे जास, पन पुढे येस नही." ती खाली बघून म्हणाली, "मानूससारखंच शे. काही मानसे तोंडलोंग येतस आनि अडकतस."

नवल लाल झाला. मालक म्हणाले, दोन दिवसांनी कळवतो. मोटार गेली.

दोन दिवसांनी मालाच्या लॉरीवाल्यानं चिठ्ठी आणून दिली. चुडामण घरी होता. "वाच वं माय," म्हणाला. सिंधूनं वाचली. नवल चौथी शिकलेला, म्हणून कागदावर एकदम कचेरीची मराठी उतरली होती:

"रा. रा. चुडामण मिस्त्री यांस नवलचा रामराम. विशेष कळविणे की, मालकांनी त्या दिवशी दोन्ही पाहिल्या. थोरली फार कडक आहे, मालकांना झेपणार नाही. धाकटी पसंत आहे. सोमवारी घ्यायला येतो. दसऱ्याच्या आत ती लोणखेड्याला पोचली पाहिजे."

चुडामण उडालाच. "अवं निर्मला! बाहेर ये! रिसालदार मोटारमाथीन पोरी देखी गया! नवलसाठे शोभाले पसंत करं!"

निर्मलाबाई पिठाच्या हातानं धावत आली. "आनि थोरली?"

"थोरली कडक शे म्हने." चुडामणनं मान हलवली. "मानूस पारखी शे. एक डाव देखं आनि वळखं."

सिंधूच्या ओठावर आलं होतं, "दादा, ही कमाननी गोठ शे." गोष्ट कमानीची आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण 'कडक' हा शब्द तिला असा टोचला होता की ओठ मिटले ते मिटलेच. मनात म्हणाली, येऊ दे सोमवारी. बघू तर, हा गडी काय बोलतो. नुसती कमान घेऊन गेला, तर समजायचं, आपल्याला उगाच भास झाला.

शोभा तिच्या कानाशी आली. "माले नको वं तो. दिनभर तुन्हाकडेच देखस."

"गप बठ," सिंधू म्हणाली. पण पदरानं कपाळावरचा तेलाचा पट्टा पुसला.

सोमवार उजाडला. ओटा सारवला, नारळ आला, गल्लीतल्या चार बाया येऊन बसल्या. शोभाला हिरवं लुगडं नेसवलं. नवल आला, दारात इतकी माणसं बघून बिचकला.

"या या, बठा!" चुडामण म्हणाला. "चिठ्ठी भेटनी. आमले मान्य शे."

"मंग धाकटी देवा," नवल म्हणाला. "माले घाई शे."

"अशी लगेच? मुहूर्त?"

"मुहूर्त कसाले? जराशी तेल लावा, कागदमा गुंडाळा. मी खिसामा टाकीसन लई जास."

बाया सगळ्या 'आ' करून बघत राहिल्या. निर्मलाबाई म्हणाली, "खिसामा?"

"आते तिले बैलगाडी जोयजे का? तीन बोट ते शे ती!"

सिंधूनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"आनि... तठे ती नही रमनी ते?" चुडामणनं दबक्या आवाजात विचारलं.

"नही बसनी ते परत लई येसू! थोरली बदली देवा. दोन्ही ते घरमाच शेतस तुमना!"

चुडामणनं हातोडा उचलला. नवल मागं सरला, ठेचकाळला, टोपी उडून राखेत पडली. "मिस्त्री! मिस्त्री, कमानसाठे कोनी मारस का!"

"कसानी कमान?"

सिंधू पुढं झाली आणि ठोकळ्यावर दोन्ही कमानी ठेवल्या. "ही थोरली. ही धाकटी."

मग एक बाई खुदकन हसली, दुसरी हसली, आणि सगळा ओटा हसायला लागला. शोभा तर लुगड्यासकट जमिनीवर लोळली. चुडामण मात्र हसला नाही. हातोडा हळूच खाली ठेवला. म्हातारं माणूस, चार दिवस गावभर सांगत फिरला होता.

"म्हनजे... पोरनी काहीच गोठ नही?"

ओट्यावरचं हसू थांबलं. नवलनं एकदा दाराबाहेरच्या मोटारीकडं बघितलं. सिंधू कानस उचलून उगाच घासायला लागली. आता हो म्हण नाही तर जा, तिला वाटलं... पण बोल.

"शे," नवल म्हणाला.

"काय शे?"

"पोरनी गोठ... शे. मी पाचदा आठे उनू. मालकनी तीनदाच धाडेल व्हतं." तो एक पाऊल पुढं आला. "माले थोरली जोयजे."

"कमान?" चुडामणनं संशयानं विचारलं.

"नही हो! ही!" त्यानं बोटच दाखवलं.

निर्मलाबाई भोळी. तिनं खरं सांगून टाकलं, "बाबा, आमनी थोरली बी कडकच शे बरं. आमले सुदिक झेपस नही."

"शे ना," नवल म्हणाला. "तीच ते माले जोयजे."

सगळ्यांनी सिंधूकडं बघितलं. तिनं कानस खाली ठेवली. मग म्हणाली, "मी दुकान सोडाव नही."

"नको सोडू. मी आठे इसन ऱ्हासू. मोटारी खापरमा बी बिघडतस."

"पेट्रोल कोन पाजी?"

"तू सांगशी ते मी बैलगाडीवर येसू."

ती वाकली, राखेतली टोपी उचलली, फुंकर मारली आणि त्याच्या हातात दिली. द्यायच्या आधी जरा घट्ट धरून ठेवली, इतकंच. पण परीटघडीच्या पांढऱ्या टोपीवर तेलाची पाच काळी बोटं उठली.

"अरे देवा... मी धुई देस," ती म्हणाली.

"हात लावू नको," नवल म्हणाला, आणि तशीच डोक्यावर घातली.

दसऱ्याला पिस्तुलाचे पाचही बार खणखणीत निघाले म्हणतात. पण लोणखेड्यात विचारा, कुणाला आठवत नाही. सगळं गाव त्या टोपीकडंच बघत होतं.