गोदीचं दार

बस कुठं लावायची, हा प्रश्न शिवमूर्ती सरांनी एका दमात सोडवला. लातूरला त्यांचा क्लास होता आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नाला चारच पर्याय असतात, यावर त्यांचा गाढ विश्वास होता. समोर कोकणातली जुनी गोदी होती: खाडीकाठचा खडक कोरून केलेला, जहाजं बांधायचा मोठा हौद. तळात पाणी नाही, आत उतरायला उतार, भिंतींची गार सावली. सरांनी बोट दाखवलं आणि ड्रायव्हर ईश्वरप्पाकाकांनी मिनीबस सरळ गोदीत उतरवली. मांजरा-मन्याड नद्यांच्या कोरड्या पात्रांत ट्रकसुद्धा उभे केलेली ही माणसं! समुद्राचं पाणी उलटं चालून येतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पहारेकरी आजोबा नेमके जेवायला गेले होते. सुट्टीतल्या सहलीला आलेली वीस मुलं गोदीभर पांगली. मुखेडची उमैमा मात्र गोदीच्या तोंडाशीच थांबली. तिथल्या पाटीवर लिहिलं होतं, ‘भिंतींतील खाचा मशाली लावण्यासाठी असाव्यात.’ दोन्ही भिंतींत समोरासमोर दोन-दोन खाचा होत्या, वरपासून पार तळापर्यंत.

“मशालीला एवढी लांब खाच कशाला लागती?” तिनं संगमेशला विचारलं.

संगमेशचा क्लासात पहिला नंबर. छापलेलं चुकीचं कसं असेल, असं तो म्हणणारच होता, तेवढ्यात त्याचा हात भिंतीला लागला. भिंतीवर बारीक शिंपल्या चिकटल्या होत्या, ओल्या, थेट त्याच्या छातीइतक्या उंचीपर्यंत. दोघांनी बसकडं पाहिलं, मग खाडीकडं. मघाशी लांब असलेलं पाणी आता गोदीच्या पहिल्या दगडाला लागलं होतं.

दोघं धावत सुटले. सरांना ते आधी खरंच वाटेना. काकांनी चावी फिरवली, तर इंजिन नुसतं कण्हलं. सकाळपासून टेप चालू ठेवल्यानं बॅटरी उतरली होती. सगळ्यांनी मिळून धक्का दिला. बस हातभर चढली आणि पुन्हा खाली घसरली.

ईश्वरप्पाकाका पायरीवर मटकन बसले. या बसवरच त्यांचं घर चालायचं.

“घर भूकंपानं नेलं,” ते म्हणाले. “आता ही बी जाती.”

त्यांचे डोळे वाहू लागले. एवढा मोठा माणूस रडताना मुलांनी कधी पाहिला नव्हता.

“न्हाई जात, काका,” उमैमा म्हणाली. “ह्या खाचा दाराच्या हायत. आमच्या बंधाऱ्याला असत्यात तशा.”

तिचे अब्बा, महेबूबभाई, दर पावसाळ्यानंतर गावच्या बंधाऱ्याची दारं घालायचे. खाचांत फळ्यांच्या दोन ओळी आणि मधे चेपून चिखल. तिकडं पाणी आत अडवायचं, इकडं बाहेर थोपवायचं, एवढाच काय तो फरक!

गोदीच्या तोंडावर नवा साकव, म्हणजे छोटा लाकडी पूल, होणार होता, त्याच्या फळ्या काठावर रचून ठेवल्या होत्या. सर म्हणाले, हा सरकारी माल आहे, कुणी विचारलं तर?

आजवर सरांना कधी उलटून न बोललेला संगमेश म्हणाला, “माझं नाव सांगा, सर. आधी ते टोक धरा.”

सरांनी गुपचूप टोक धरलं.

फळ्या खाचांत चपखल बसल्या. एकावर एक सहा, मग मागं दुसरी ओळ. त्या तरंगू लागल्या तेव्हा काकांनी वर दगड ठेवले. डबे, टोप्या, ओढण्या, जे हाताला लागेल त्यातून चिखल येत होता. उमैमा दोन ओळींच्या मधे उभी राहून तो पायानं चेपत होती आणि मोकळी जागा राहिली की ओरडत होती. सर कानापर्यंत माखले.

बाहेर पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं. आत फक्त चार धारा पाझरत होत्या आणि बसची चाकं नीट भिजलीसुद्धा नव्हती. मग पाणी थांबलं. सगळी गोदी आरोळ्यांनी दणाणली.

जेवून, दुपारची झोप काढून आजोबा परतले ते पाहतच राहिले.

“चाळीस वर्षं इथे राखण करतोय,” ते म्हणाले. “भरतीला ही गोदी कोरडी आजच बघतोय. कुणी केलं हे?”

सरांनी उमैमाला पुढं केलं. “हिनं. मी पाटी वाचली आणि पुढं गेलो. हिनं भिंत वाचली.”

ओहोटीला फळ्या निघाल्या. गावकऱ्यांनी जीप आणून दोर बांधला आणि बस वर आली. ईश्वरप्पाकाकांनी बॉनेटवरून हात फिरवला, मग उमैमासमोर येऊन उभे राहिले.

“लातूरला न थांबता आधी मुखेडला जायचं आपण,” ते म्हणाले. “तुझ्या अब्बांना मला सोता सांगायचंय, पोरीनं काय केलं ते.”