लाल दिवा लागला की

"पेपर आमच्याच छापखान्यातून फुटला," मालक म्हणाले, "आणि फोडला मावशींनीच. मला फक्त पुरावा हवाय."

खासगी तपास करणाऱ्या भाऊंनी वही उघडली. त्यांचे सोबती मास्तर मात्र हळहळले. मावशी तिथे मुद्रितं तपासत. मालकांनी सगळ्या कामगारांसमोर त्यांना चोर ठरवून घरी पाठवलं होतं. पुरावा मिळाला की पोलीस येणार होते.

बाहेर सापडलेली प्रत भाऊंनी चाळली. प्रश्न शब्दन् शब्द बरोबर. ‘खालील आकृती पाहा’ असं लिहिलेलं, आणि खाली कोरी जागा.

तपासणीची खोली बिनखिडकीची होती. टेबलावर पोट सुटलेला जुना मॉनिटर, स्पीकर त्याच्या अंगातच. ऑपरेटर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचे, मावशी हातातल्या मूळ प्रतीशी तो ताडून बघत. तेव्हा दाराबाहेर लाल दिवा लागे. आत जाणाऱ्या प्रत्येकाचा मोबाइल दाराशी टोपलीत.

भाऊंनी मावशींना बोलावून घेतलं.

"मला त्या पेपरचं काय करायचंय?" त्या तडकल्या. "त्यापेक्षा ह्या मॉनिटरला विचारा. आम्ही वाचायला बसलो की टिर्र टिर्र करतो मेला! पडदाही थरथरतो."

"एरवी?"

"एरवी चिडीचूप," ऑपरेटर म्हणाला. "दिवसभर मी इथेच टाइप करतो की."

यंत्रांची देखभाल मालकांच्या मेहुण्याकडे होती. तो हसला. "म्हातारा झालाय हो तो. तापला की कुरकुरतो. मी तर वर्षभर हातसुद्धा लावला नाही त्याला."

"मग नवा का नाही घेत?"

"नवा आणलाय," मालक म्हणाले. "खोक्यातच पडून आहे. हाच म्हणतो, चालतोय तोवर चालू दे."

भाऊ मॉनिटरमागे वाकले. धूळ इतकी, की बोटाने नाव लिहावं. पण चारही स्क्रूंची डोकी लख्ख होती.

"मास्तर, पेपर चोरणाऱ्याने आकृत्या का सोडल्या?"

"घाई असेल."

"मावशींच्या हातात मूळ प्रत, ऑपरेटरसमोर पडदा. दोघांनाही आकृत्या दिसतात. ज्याला दिसल्या नाहीत, त्याने पेपर नुसता ऐकला. आकृती कुणी वाचून दाखवत नाही."

"पण खोलीत तिसरं कुणी नव्हतं!"

"माणूस नव्हता. मॉनिटर तापून कुरकुरत असता, तर दिवसभर कुरकुरला असता. हा फक्त लाल दिवा लागल्यावर ओरडतो. स्पीकरजवळच्या मोबाइलवर फोन आला की असाच आवाज येतो."

भाऊंनी स्क्रू काढले. आत, पोटाच्या पोकळीत, चिकटपट्टीने लावलेला छोटा मोबाइल होता. घंटी बंद, फोन आपोआप उचलला जाईल अशी सोय, चार्जिंगची वायर आतूनच जोडलेली.

मास्तरांनी तोंडावर हात ठेवला.

"फोन करणारा बाहेर असतो, दिव्यावर नजर ठेवून," भाऊ म्हणाले. "त्याला मॉनिटर उघडता येतो, पण उघडला नाही असं तो सांगतो. आणि नवा चपटा मॉनिटर त्याला नको असतो, कारण त्यात लपवायला जागाच नाही. ह्यावर येणारे सगळे फोन एकाच नंबरचे आहेत. लावून बघू."

दाराशी टोपलीत एक मोबाइल वाजू लागला. मेहुण्याने मान खाली घातली.

"पोरगी दोनदा नापास झालीय," तो पुटपुटला. "फक्त तिच्यासाठी उतरवून घेतला. तिने मैत्रिणीला दिला..."

"आणि माझ्यावर आळ आला, तेव्हा गप्प बसलास?" मावशींनी विचारलं.

मालक मावशींजवळ येऊन हळूच म्हणाले, "चुकलं माझं. उद्यापासून या."

मावशींनी पदर सावरला, पण उठल्या नाहीत.

"चोर म्हणालास तेव्हा सगळा छापखाना गोळा केला होतास. आधी त्यांना बोलाव. मग म्हण."

मालकांनी स्वतः जाऊन छपाईचं यंत्र बंद केलं आणि कामगारांना हाक मारली.