एका घुमटातल्या सहा रात्री

घुमटाच्या अंधारात शिरताच तिचा पाय कुणाच्या तरी पोटावर पडला.

"आई गं!"

काय आवाज होता तो! कळवळतानासुद्धा भारदस्त...

"सॉरी हं! पण जमिनीवर कोण झोपतं?"

"आकाश बघणारा. खुर्चीत मान अवघडते."

अशी ओळख झाली. तो तारांगणातला निवेदक, ती बिघाड काढायला आलेली प्रोग्रामर. बिघाडही साधासुधा नव्हता. मध्यरात्रीचं आकाश अगदी रंगात यावं आणि एकदम सूर्य उगवावा! मुलं खिदळायची, याची वाचा बसायची. संचालकांनी बजावलं होतं – पुन्हा असं झालं, तर निवेदक नकोच. रेकॉर्ड केलेला खेळ लावू.

"म्हणजे माझी नोकरी तुमच्या हातात," तो म्हणाला.

"हात स्वच्छ धुऊन आलेय," म्हणत तिनं लॅपटॉप उघडला.

चोर लवकर सापडला. आकाशाची वेळ एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सगळ्या प्रोग्रामना उघड्या असलेल्या खणात, ठेवली होती आणि दिव्यांच्या प्रोग्राममध्येही कुणीतरी तेच नाव वापरलं होतं. दिवे मंद करताना तो आपला आकडा त्यातच कोंबायचा. सूर्य बिचारा धावत यायचा.

"मग नाव बदला की! दुपारचा खेळ तोंडावर आलाय."

"आजचं भागेल हो. पण चव्हाट्यावरच्या वस्तूला उद्या दुसरं कुणी हात लावेलच." तिनं घुमटाच्या कडेला बोट दाखवलं. "हे सहा प्रोजेक्टर एकाच क्लासचे, एका घरातले. वेळ त्यांच्या घरात नेऊन ठेवते. बाहेरच्यानं मग दार वाजवूनच यायचं."

तेवढ्यात तिकीट खिडकीवर बसणारी त्याची वहिनी चहा घेऊन डोकावली.

"भावोजी, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो तुमचा. आज मिठाची गुळणी धरलीत का?"

तो कानापर्यंत लाल झाला. लॅपटॉपच्या पडद्याआड तोंड लपवून ती हसली, आणि त्या गडबडीत काहीतरी टाइप करून बसली. दिवे मालवले. बटण दाबलं...

घुमटाच्या सहा फाकींत सहा आकाशं उघडली होती. एकीकडे पहाट फटफटत होती, तिच्या कुशीला लागून काळीभोर मध्यरात्र. पलीकडे सूर्य बुडत होता, आणि त्याच्या शेजारी अर्धाच चंद्र – उरलेला अर्धा कुठल्या तरी दुसऱ्या रात्रीत राहून गेलेला.

"चुकलंच," ती कुजबुजली. "वेळ प्रत्येक प्रोजेक्टरला वेगळी दिली मी. ती क्लासची हवी होती – क्लास व्हेरिएबल. सहांत मिळून एकच."

"करा दुरुस्त. पण... क्षणभर थांबा ना."

ती त्याच्याशेजारी जमिनीवर आडवी झाली. तो हलक्या आवाजात एकेक तारा दाखवू लागला. हा लाल, म्हातारा झालेला. तो निळसर, अजून कोवळा. त्या फिक्या ताऱ्याचा प्रकाश निघाला तेव्हा आपली आजीही जन्मली नव्हती...

आयुष्यभर पडद्याकडे बघत आलेल्या तिला वाटलं, आपण आज पहिल्यांदा मान वर केली. आपण केवढे एवढेसे! आणि तरी, बाहीला बाही लागली तेवढ्यानं छातीत केवढं धडधडतंय...

मग ती उठली आणि वेळ क्लासच्या स्वाधीन केली. सहा रात्री सरकत सरकत एक झाल्या. चंद्र पूर्ण झाला.

दुपारच्या खेळात दिवे मंद झाले, पण सूर्य जागचा हलला नाही. शेकडो मुलं "आऽऽ" करून गप्प झाली. मागच्या रांगेत संचालकांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि निवेदकाची पाठ थोपटायला स्वतः पुढे आले.

घुमट रिकामा झाला. तिनं बॅग खांद्याला लावली.

"उद्या याल?" त्यानं विचारलं.

"उद्या काही कामच नाही माझं इथे."

"म्हणूनच तर विचारतोय..." हजारोंसमोर न अडखळणारा तो आवाज अडखळला. "काम नसताना... येशील?"

'याल'चं 'येशील' झालेलं तिला ऐकू आलं. घुमटात अजून एवढे तारे होते, पण ती त्याच्याकडेच बघत राहिली.

"येईन," ती म्हणाली. "तू बोलावलंस, मग येणारच ना!"