जमिनीची जाण

साताऱ्याबाहेरच्या कंपन प्रयोगशाळेत भार्गव टिळेकरनं तन्मयीच्या सायकलचा पुढचा, दणके पचवणारा फोर्क उघडला आणि आतली झडप उजेडात धरली. तेल ज्या छिद्रातून वाहायचं, ते जवळजवळ बंद झालं होतं. म्हणजे ही पोरगी इतके महिने दगडधोंड्यांतून डोंगर उतरत होती ती फोर्कवर नव्हे, लोखंडी पहारीवर!

समोर तन्मयी घोरपडे पट्टी बांधलेली बोटं मांडीवर ठेवून बसली होती. काल उतार संपवून आल्यावर ती ब्रेकची तापलेली चकती बोटांनी चाचपत होती, आणि तोंडानं तिची बडबड चालूच होती. कातडी जळल्याचा वास आधी भार्गवला आला. तिला मात्र बोटांकडे पाहिल्यावरच कळलं. म्हणूनच आज पुण्याहून मज्जातंतूंच्या डॉक्टर नर्गिस तांबोळी आल्या होत्या आणि तिचे दोन्ही हात तपासून नुकत्याच खुर्चीत टेकल्या होत्या.

"हा तुमचा फोर्क नक्की करतो काय, ते मला साध्या भाषेत सांगा," त्या म्हणाल्या.

"खड्डा आला की फोर्क दबतो. तो किती सहज दबू द्यायचा, हे ठरवणं म्हणजे दाब-दमन. सगळा खेळ तेलाच्या छिद्राचा. इंजेक्शनची सुई बारीक असली की दट्ट्या ढकलायला जड जातो ना, तसंच. दमन कमी ठेवलं तर फोर्क दाणकन तळाला आपटतो. जास्त ठेवलं तर सगळे दणके हातात."

"आणि किती ठेवायचं, हे कोण ठरवतं?"

"पूर्वी एक नॉब असायचा. फेरी झाली की स्वार खटके मोजत तो फिरवायचे आणि आमच्याशी भांडायचे. आम्ही नॉबच काढून टाकला!" भार्गवच्या आवाजात जुना अभिमान अजूनही डोकावलाच. "मनगटावरचा संवेदपट्टा मज्जातंतूंतले संदेश वाचतो. स्वाराला जमिनीची जेवढी जाण हवी, तेवढी कायम राहील असं दमन फोर्क आपलं आपण जुळवतो."

डॉक्टरांनी तन्मयीच्या हातांकडे पाहिलं. "म्हणजे तो हाताला बसलेला दणका मोजत नाही. हाताला जाणवलेला दणका मोजतो."

"हो, तीच तर गंमत..." भार्गवचं वाक्य तोंडातच राहिलं.

कंपनानं बोटं थोडी बधिर होतात. बधिर बोटांतून संदेश कमी जातो. फोर्कला वाटतं, जाण कमी पडतेय, म्हणून तो कडक होतो. कडक फोर्कचे दणके बोटांना आणखी बधिर करतात. एवढं सरळ गणित, पण एकाही शहाण्याच्या डोक्यात ते आलं नव्हतं. कारण प्रत्येक फेरीनंतर भार्गव विचारायचा, "कसा वाटला?" आणि तन्मयी म्हणायची, "कालच्यासारखाच." हे उत्तर आलं की एकमेकांना टाळी देऊन चहा मागवायची त्यांच्या पथकात पद्धत होती. फोर्क बिचारा इमानेइतबारे तिला कालच्यासारखंच वाटू देत होता. भार्गवला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"उजवा हात गेला," डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. "त्यातली संवेदना परत येणार नाही. डाव्यात अजून थोडी आहे."

"आणि सायकल?" तन्मयीनं विचारलं.

"बंद."

"डॉक्टर, मला दुसरं काहीच येत नाही हो." ती रडली नाही, पण हे म्हणताना तिचा आवाज चिरकला.

"काहीतरी मर्यादा असेल ना?" भार्गव कळवळून म्हणाला. "तेवढी सांगा. मी नॉब परत बसवतो, दणके त्या मर्यादेच्या आत ठेवतो."

"मर्यादा आहे. निरोगी हाताला जिथे मुंग्या यायला लागतात, त्याच्या आत. पण ती यंत्राला विचारून कळायची नाही. हिच्याच उतारावरून, हिच्याच वेगानं, निरोगी हातांच्या माणसाला उतरून बघावं लागेल."

त्या वेगानं उतरणारे देशात मोजकेच होते. त्या सगळ्यांच्या सायकलींना हाच फोर्क होता, आणि तो भार्गवनंच मागे लागून बसवून घेतला होता.

"अहो, मी आहे ना!" भार्गव एकदम उसळला. "शर्यती सोडल्या म्हणून उतरायचं थोडंच विसरलोय? मुंग्या आल्या की एक खटका कमी, परत आल्या की आणखी एक. माझे हात हाच हिचा मापदंड."

"खरंच जमेल, दादा?" सकाळपासून पहिल्यांदाच तन्मयीचा चेहरा जरा उजळला.

"न जमायला काय झालं? तो उतार मला तोंडपाठ आहे. रोज सकाळी पहिल्या नमुन्यावरून उतरतो मी."

"पहिला नमुना?" डॉक्टरांनी विचारलं. "याच फोर्कचा?"

"हो, पण मला काही झालेलं नाही. अजून अगदी पहिल्या दिवसासारखा चालतो."

बोलून झाल्यावरही त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. डॉक्टरांनी बॅगेतून नायलॉनचा एक बारीक तंतू काढला. "हात टेबलावर ठेवा आणि डोळे मिटा. स्पर्श जाणवला की 'हो' म्हणा."

भार्गवनं डोळे मिटले. नॉब कुठे बसवायचा, छिद्र किती मोठं ठेवायचं, याची जुळवाजुळव त्याच्या मनात सुरूही झाली. आठवडाभरात तन्मयी परत उतारावर असेल. डाव्या हाताच्या जोरावर का होईना, ती उतरेल. डॉक्टरांची खुर्ची करकरली, मग शांत झाली. या बाई उगाच वेळ काढतायत, असं त्याला वाटलं.

"करा ना सुरू, डॉक्टर."

उत्तर तन्मयीनं दिलं.

"डोळे उघड, दादा. त्यांनी तुझे दोन्ही हात तपासलेत."