पहिल्या पंगतीची बासुंदी

"हात लावू नका त्या पातेल्याला!"

शेवंता दचकली. बासुंदीचं खरकटं पातेलं घासायला तिनं मुठीत राख घेतली होती, आणि समोर एक अनोळखी तरुण उभा… धुळीनं माखलेला, हातात डॉक्टरची बॅग.

"का? तुम्ही घासून देताय?"

"देईन की. पण आधी मला बघू द्या."

हा पितांबर. नवरदेवाचा मावसभाऊ, धुळ्याच्या दवाखान्यातला नवा डॉक्टर. सन चोपन्नचा वैशाख. चोपड्याचं वऱ्हाड रावेरला वेळेवर पोचलं, याची मात्र एस.टी. चुकली आणि सकाळी दहाची पंगत हुकली. उपाशी राहिला म्हणूनच वाचला बिचारा! कारण दुपारी मांडवात बघावं, तर वरपक्षातले चाळीस-पन्नास जण ओकाऱ्या काढून आडवे, आणि मुलीकडचे सगळे ठणठणीत.

"जेवनमा विष शे!" नवरदेवाचे वडील लीलाधरभाऊ कण्हत ओरडत होते. "बठ्ठं वऱ्हाड माघारी जाई!"

गोरज मुहूर्ताला सहा तास उरले होते. शेवंताची थोरली बहीण विमल हळदीच्या अंगानं कोपऱ्यात रडत होती. भरल्या मांडवातून वऱ्हाड परत गेलं, तर तिला पुन्हा कोण विचारणार?

"तुम्ही कुणाच्या बाजूचे?" शेवंतानं डोळे वटारले.

"अजून ठरायचंय," तो हसला. "तुम्ही बासुंदी खाल्लीत?"

"मुलीकडचे शेवटी जेवतात. आमच्यापर्यंत ती पोचलीच नाही."

पितांबर थबकला. मग दोघं बाजेबाजेपाशी फिरली. तो नाडी बघे, ती उकळून गार केलेलं मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट पाजी, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न— बासुंदी किती खाल्ली? मध्येच पेला देताना बोटाला बोट लागलं… आणि डॉक्टर नाडी मोजायचीच विसरला! नवरदेवाच्या आत्यानं नवसापायी दूध सोडलं होतं. ती खुशाल पान लावत बसली होती.

शेवटी उखर्डू आचाऱ्याचा हात बघितला. बोटाला पिकलेलं नखुरडं! रात्री गार झालेल्या बासुंदीत त्यानं त्याच हातानं चारोळी कालवली, आणि पातेलं सकाळपर्यंत उकाड्यात तसंच राहिलं.

"पुवातले जंतू दुधात वाढले, त्यांनीच विष केलं," पितांबर म्हणाला. "मग कितीही उकळा, ते जात नाही. मुलीकडच्यांचा दोष नाही, काका."

"मंग मुलीकडना एक तरी आजारी दाखाड!" लीलाधरभाऊ अडून बसले.

शेवंताला एकदम आठवलं, गोडखाऊ सुपडूमामा सकाळपासून दिसलाच नाही. ती केळीच्या बागेकडं धावली आणि कण्हणाऱ्या मामाला दंडाला धरून घेऊन आली.

"मीच खाल्ली रे भो… चोरून," मामा पुटपुटला. "तीन वाट्या!"

हातच्या कंकणाला आरसा कशाला? आजारी माणसंही हसली. लीलाधरभाऊंनी शेवंताच्या वडिलांचे हात धरले. "माफ करा आबा, मी चुकनू."

उन्हं कलेपर्यंत ओकाऱ्या थांबल्या, वऱ्हाडी उठून बसले, आणि गोरजाला अंतरपाट धरला गेला. विमल हसत होती. शेवंताचे डोळे भरून आले. लग्न लागत होतं, आणि ते तिनं वाचवलं होतं!

अक्षता घेऊन पितांबर तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"मुलाकडचे पलीकडं उभे राहतात, डॉक्टर."

"ठाऊक आहे. पण मला… मला तुमच्याशी लग्न करायचंय. आबांना विचारू?"

ताशे कडाडले. शेवंतानं अक्षता उधळल्या आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली,

"आबांना उद्या विचारा. माझं हो आजच घेऊन ठेवा."