चालवून घेणं

मी बसमध्ये चढले की निदान तीन माणसं उठतात. लहानपणीच्या तापात माझा डावा पाय बारीक राहिला. त्या पायातल्या बुटाला लोखंडी पट्टी असते, तिचा आवाज होतो... आणि तो ऐकून लोकांच्या अंगात एकदम दया संचारते. मी "नको" म्हणते, ते "अहो, बसा" म्हणतात. रोज सकाळी हीच हुज्जत.

एके दिवशी एक जण उठला नाही. खिडकीपाशी बसलेला, हिरव्या सदऱ्यातला. त्याने माझ्याकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं — आणि डोळे मिटून घेतले. मला राग यायला हवा होता. आला नाही, याचाच जरा राग आला.

चौथ्या दिवशी मीच विचारलं, तुम्ही का नाही हो उठत?

"तुम्ही तिघांना नको म्हणालात. चौथ्याने कशाला नकार ऐकायचा?" मग ओठांच्या कोपऱ्यात हसत म्हणाला, "शिवाय तुमचा एकच पाय दुखत असेल. माझे दोन्ही दुखतायत."

तो नर्स होता, रात्रपाळी संपवून घरी निघालेला. हातांना साबणाचा वास. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. महिन्याभरात त्याच्या वॉर्डातल्या एका आजोबांच्या सगळ्या तक्रारी मला पाठ झाल्या, आणि माझ्या मालकांच्या नकला त्याला. शेजारची जागा रिकामी असली तर मी बसायचे, नसली तर उभी राहायचे. बस वळली की त्याच्या खांद्याला धक्का लागायचा. तो बाजूला सरकायचा नाही... मीही नाही.

मग आत्याने स्थळ आणलं. कापडाचं मोठं दुकान, एकुलता एक मुलगा. रविवारी मंडळी आली. मुलाच्या आईने माझ्या बुटाकडे एकदा पाहिलं आणि माझ्याशी नाही, माझ्या आईशी बोलून टाकलं, "पायाचं आम्ही चालवून घेऊ. फक्त नोकरी सोडायची. चारचौघांत उगाच जा-ये नको."

आईचे डोळे भरून आले — आनंदाने. तेच मला सोसलं नाही.

"माझा पाय मीच चालवते," मी म्हणाले. "इतकी वर्षं चालवतेय. दुसऱ्या कुणी चालवून घ्यायची गरज नाही."

मंडळी चहा अर्धा टाकून गेली. एवढा ताठा कुणाच्या जिवावर, असं आत्याने विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की मला एक जण आवडतो. काय करतो? नर्स आहे.

"म्हणजे... बाई?" आत्या मटकन खाली बसली.

त्याला ठाऊक आहे का, एवढंच बाबांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

"मग आधी त्याला सांग," असं म्हणून ते आत्यासाठी पाणी आणायला गेले.

सोमवारी बसमध्ये मी त्याला सगळं सांगितलं, खिडकीबाहेर बघत, एका दमात. बस थांबली, पुन्हा निघाली, तो जागचा हलला नाही. शेवटी मीच म्हणाले, "तुमचा स्टॉप गेला."

"गेला ना. तुम्ही 'आवडतो' म्हणालात तेव्हाच."

"मग?"

"तुमचा पाय दिसतच नाही, असं सोंग मला जमणार नाही. दुखतोय वाटलं तर विचारीन... चालेल?"

"विचारा. पण मी नको म्हटलं तर ऐकायचं."

"महिनाभर दुसरं काय करतोय?"

तो माझ्याच स्टॉपवर उतरला. आमच्या दुकानाला अकरा पायऱ्या आहेत, आणि कठडा नाही. वर मालक शटर उघडता उघडता थांबले. शेजारचा औषधवालाही बाहेर येऊन बघायला लागला. हा मात्र खिशात हात घालून माझ्या बाजूला उभा होता. त्याने हात पुढे केला नाही.

बघू देत, म्हटलं. मीच त्याचा हात खिशातून ओढून घट्ट धरला, आणि त्या अकरा पायऱ्या मुद्दाम सावकाश चढले.