रखवाल्याचा तिसरा नमुना

लेखकरावांना खेळण्यांचा मनापासून तिटकारा होता, आणि पोट मात्र खेळण्यांवरच चालत होतं. बत्तीस वर्षं बाजारात ठाण मांडून बसलेल्या ‘पोलादी पथक’ या यंत्रमानवांच्या प्रत्येक खोक्यात आठ पानांची एक गोष्ट असे. ती ते लिहीत. एके काळी त्यांनी दोन कादंबऱ्या लिहिल्या होत्या. त्या कुणी वाचल्या नाहीत याचा राग ते प्लॅस्टिकच्या बाहुल्यांवर काढत. ‘लेखकराव’ हे नाव कंपनीतल्या टवाळांनी ठेवलं होतं. गंमत म्हणजे त्यांना तो मान वाटे.

कंपनीची एक पद्धत होती. गोष्टीत यंत्रमानवाला जी इजा होईल, ती नमुनेवाल्या बाईंनी खऱ्या खेळण्यावर करायची. पाय मोडला तर पाय मोडायचा, गंज चढला तर गंज रंगवायचा. त्या नमुन्यावरून मग खोक्यावरचं चित्र निघे. ‘घोड्याएवढी माणसं आणि हे उद्योग,’ असं म्हणून लेखकराव नाक मुरडत.

यंदा त्यांच्या वाट्याला रखवाल्या आला होता. रुंद खांदे, ठोकळ्यासारखा चेहरा, काम एका मुलीची राखण करण्याचं. त्याचा खप उतरला होता, म्हणून तीन गोष्टींत त्याला संपवायचं होतं. आता ही मुलगी कोण, तिचं घर कसं? असल्या भिकार खेळण्यासाठी डोकं कोण शिणवणार? त्यांनी सरळ आपलंच घर उचललं. तिसरा मजला, जिन्याखालच्या सायकली, खिडकीला निळा पडदा, आणि समोरचा दात पडलेली आपलीच सात वर्षांची मुलगी.

पहिल्या गोष्टीत त्यांनी रखवाल्याचा डावा पाय मोडला. नमुना आला तो उजवा पाय मोडलेला. ते बाईंवर खेकसले.

“मी अजून हात लावला नव्हता,” बाई म्हणाल्या. “सकाळी कपाट उघडलं तर असाच होता.”

दोन दिवसांनी संपादकांनी गोष्टीतला पाय उजवा केला. चित्रात डाव्या पायावर कंपनीचा शिक्का येत होता, म्हणे.

दुसऱ्या गोष्टीत छातीला भोक पडायचं होतं. नमुन्याची छाती शाबूत होती आणि डोळा फुटलेला होता. आठवड्याने संपादकांनी छाती खोडून डोळा लिहिला. दोघांनी संगनमत करून आपली थट्टा मांडली आहे, असं लेखकरावांनी ठरवून टाकलं. बेताच्या अकलेची माणसं, त्यांची थट्टाही बेताचीच.

तिसऱ्या गोष्टीत आग होती. रखवाल्या आगीत शिरतो, मुलीला खांद्यावर घेऊन बाहेर येतो आणि वितळून पडतो. हे लिहिताना लेखकरावांना दोनदा जांभई आली.

मंगळवारी दुपारी बाईंनी नमुना आणून टेबलावर ठेवला. त्याच्यावर काजळीचा ठिपकासुद्धा नव्हता. वितळलेलं काहीच नव्हतं. दोन्ही हात तेवढे वर गेलेले होते आणि त्यांनी कान घट्ट झाकले होते.

“याच्या साच्यात कोपर नाही,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “हे हात वाकूच शकत नाहीत.”

“तुमचेच धंदे आहेत हे.”

“मी कशाला करू? मलाही मुलगी आहे.”

लेखकरावांनी हात खाली ओढून पाहिले. ते तसूभरही हलले नाहीत. लेखकराव हसायला गेले, पण हसू काही आलं नाही. नमुना तसाच उचलून ते संपादकांच्या खोलीत शिरले.

“शेवट बदललात?”

“बदलला. सकाळीच छापायला गेला.” संपादकांनी मान वर केली नाही. “तुमचा फारच गुळमट होता हो. आता रखवाल्या दाराबाहेरच थांबतो. मुलगी आतून हाका मारत राहते. हा आत जातच नाही.”

“आणि मुलगी?”

“खेळण्याच्या गोष्टीतली मुलगी, तिचं काय एवढं? असलं कोण वाचतं, असं तुम्हीच म्हणता ना?”

आयुष्यात पहिल्यांदा लेखकरावांना स्वतःच्या लिखाणाची भीती वाटली. संपादकांच्याच टेबलावरून त्यांनी घरी फोन लावला. दुपारी मुलीजवळ तिची आत्या असे.

फोन मुलीने घेतला.

“आत्याला दे.”

“आत्या खाली गेलीय. बाहेरून कुलूप लावून. लगेच येते म्हणाली.”

“तू बरी आहेस ना, बाळा?”

“हो. बाबा, दाराबाहेर कुणीतरी उभं आहे. मी मघापासून हाका मारतेय, पण ते ऐकतच नाही.”

लेखकरावांनी हातातल्या नमुन्याच्या झाकलेल्या कानांकडे पाहिलं.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “मी खुर्चीवर चढून बसू का? फरशी पायाला चटकतेय.”